एकोणीस चालींचा डाव

बुद्धिबळाच्या डावाची लांबी चालींनी मोजावी की दिवसांनी, हा प्रश्न एरवी कोणी विचारला नसता. परंतु 1966 च्या नोव्हेंबरात मॉस्कोची सैद्धांतिक व प्रायोगिक भौतिकी संस्था आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ यांच्या गणकयंत्रांमध्ये तारेने जो चार डावांचा सामना सुरू झाला आणि जो संपावयास सुमारे नऊ महिने लागले, त्यातील तिसरा डाव अवघ्या 19 चालींत मात होऊन निकालात निघाला, हे कळल्यापासून तो प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही.

डाव पटावर मांडला की दृष्टी खिळते ती स्टॅनफर्डच्या काळ्या घोड्यावर. पांढऱ्या वजिराने आणि प्याद्यांनी हुसकावलेला हा जीव घरामागून घर बदलीत जातो; राजाशेजारचे परतीचे घर मोकळे असता ते सोडून पुढे सरतो, आणि तेथे एका यःकश्चित प्याद्याच्या हातून मारला जातो. त्या प्याद्याने मोकळ्या केलेल्या पट्टीतून हत्ती आत शिरला, आणि पुढचे सारे केवळ अंमलबजावणीचे काम उरले.

जॉन मॅकार्थी व अ‍ॅलन कोटोक यांच्या नावाने ओळखला जाणारा स्टॅनफर्डचा प्रोग्राम प्रत्येक स्थितीत मोजक्याच चालींचा विचार करी, बाकीच्या आधीच खारीज होत. मॉस्कोचा प्रोग्राम मात्र मूर्खपणाच्या चालींचीसुद्धा निमूटपणे रुजुवात घेई. पहिल्या दोन डावांत त्याची दृष्टी तीन अर्धचालींपुरती होती, आणि ते बरोबरीत सुटले. नंतरच्या दोहोंत ती पाचांपर्यंत गेली, आणि ते दोन्ही त्याने जिंकले. तथापि माझी सहानुभूती पराभूत पद्धतीकडेच आहे. कसलेला खेळाडूही बहुतेक चालींकडे ढुंकून पाहत नाही. फरक इतकाच, की त्याचा नकार सहस्रावधी डावांच्या अनुभवातून आलेला असतो, आणि कोटोकच्या यंत्राला तो अधिकार अनुभवाविनाच बहाल झाला होता.

अखेरीस शह अडवावयास काळ्याने आपला हत्ती मध्ये घातला, आणि वजिराने तो मारून मात केली. एखाद्या भिडस्त माणसाने घोडा गेल्यावर, निदान हत्ती आत शिरल्यावर, डाव सोडून दिला असता. यंत्राला संकोच नसल्यामुळेच हा डाव 19 चालींपर्यंत तरी लांबला.