व्यायाम : नित्य की काम्य?

कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद आपल्या शास्त्रकारांनी केले आहेत. नित्य कर्म केल्याने काही विशेष फळ पदरात पडते असे नाही. मात्र ते न केल्यास प्रत्यवाय लागतो. काम्य कर्माची गोष्ट निराळी. ते फळाच्या इच्छेने आरंभावयाचे आणि इच्छा सरली की सोडून द्यावयाचे. संस्कृतचा शिक्षक या नात्याने हा भेद मी मुलांस अनेक वेळा समजावून दिला. परंतु त्याचा संबंध आपल्या देहाशीही लावता येईल, हे मला निवृत्तीनंतर सुचले.

हल्ली व्यायामाचा उत्साह चोहीकडे दिसतो. आमचे ढाणकी म्हणजे उमरखेड तालुक्यातील पैनगंगेच्या बाजूचे गाव. पण येथेही जानेवारीच्या थंडीत बिटरगावच्या रस्त्याने कानटोप्या घालून चालणाऱ्यांची रीघ लागते. होळीपर्यंत ती निम्मी होते आणि उन्हाळा लागला की रस्ता पुनः गुरांना मोकळा. याचे कारण आळस असे सर्वजण म्हणतात. मला ते पटत नाही. ही मंडळी आळशी नव्हेत. त्यांनी काम्य व्रत धरलेले असते. कोणास चार किलो वजन उतरवावयाचे असते, कोणास मुलाच्या लग्नात कोट बसावयास हवा असतो. एकाने फळ मिळाले म्हणून सोडले, दुसऱ्याने मिळत नाही म्हणून सोडले, इतकाच काय तो फरक.

हा विचार करण्याची पाळी आमच्या घरावर आली ती माझ्या ज्येष्ठ बंधूंमुळे. ते पुसदला असतात. अंगाने शिडशिडीत, जन्मात कधी पोट सुटले नाही. चार वर्षांपूर्वी पायाला चप्पल लागल्याचे निमित्त होऊन जखम चिघळली, आणि उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. तेव्हा कळले की मधुमेह कित्येक वर्षे अंगात मुरून बसला होता. डॉक्टरांनी आम्हा सर्व भावंडांस तपासणी करून घेण्यास सांगितले. माझे वजन चोपन्न किलो. पण उपाशीपोटी रक्तातील साखर निघाली १४२. १२६ ही मधुमेहाची सीमा. सौभाग्यवतींचा प्रथम विश्वासच बसेना. “इतक्या वाळक्या माणसाला साखर कशी होईल?” असे त्या दोनदा म्हणाल्या.

याचे उत्तर पुण्यातच शोधले गेले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हिंदी माणसाच्या देहाचा पुष्कळ वर्षे अभ्यास केला. त्यांनी व लंडनचे डॉ. यडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्रच छापले. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचाही एकच, २२.३. परंतु यडकिनसाहेबांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसावयास दोघेही सडपातळच. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या कृश देहात स्नायू थोडे आणि मेद फार, व तोही पोटाच्या आत दडलेला. पिढ्यान् पिढ्या लेखणी व पोथी यांवर पोसलेल्या घरांनी तर हे छायाचित्र देवघराशेजारी लावून ठेवावे असे माझे मत आहे. भारतात मधुमेहाचे रोगी सुमारे दहा कोटी आहेत, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. ते सारे काही स्थूल नव्हेत.

आमचे वडील याज्ञिकी करीत. सकाळी एका गावी सत्यनारायण, दुपारी दुसऱ्या गावी वास्तुशांत, आणि मध्ये नांगरटीतून कोस दीड कोसाची वाट. पुरणावरचे तूप त्या वाटेवर जिरत असे. मी पुढे शाळेत लागलो, तेव्हा घर ते शाळा दोन वेळची ये-जा आणि दिवसाचे पाच तास फळ्यापुढे उभे राहणे, एवढे चालणे उरले. कोणी त्याला व्यायाम म्हणत नसे. तो वेळापत्रकाचा भाग होता. सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ मिळाले आणि वेळापत्रक गेले. ताटातील पदार्थ मात्र वडिलांच्या वेळचेच राहिले.

तेव्हा उपाय शोधावयाचा तो असा, की व्यायामासाठी निराळा निश्चय करावा लागू नये. जे रोज होतेच त्याच्या खुंटीला तो अडकवावा. या बाबतीत औंधचे संस्थानिक भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याइतका व्यवहारचतुर माणूस दुसरा दिसत नाही. आरंभी त्यांनी सँडोच्या पद्धतीची साधने वापरून पाहिली, आणि पुढे ती सोडून सूर्यनमस्कार धरले ते अखेरपर्यंत. राजवाड्यात सर्वांना नमस्कार, संस्थानच्या शाळांतून मुलामुलींना नमस्कार. १९३८ साली त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्येही निघाले. १९५१ साली वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी ते वारले. त्यांच्या या पद्धतीतील खुबी मला नमस्कारात दिसते तितकीच मंत्रात दिसते. मित्र, रवी, सूर्य, भानू अशी बारा नावे ठरलेली. दहाव्या नावाशी थांबलो तर दोन नावे घशात अडकून राहतात. ती पुरी केल्यावाचून उठवत नाही. यंत्रावर आकडा मोजणाऱ्यास ही सक्ती नाही. शिवाय जागा लागते ती एका सतरंजीची.

मी स्नानानंतर, संध्येच्या आधी, बारा नमस्कार घालतो. सामर्थ्याच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा असे वाग्भटाने लिहून ठेवले आहे, आणि साठी उलटलेल्याने ते ध्यानात धरावे. ज्यास हृद्रोग आहे वा ज्याच्या डोळ्यांवर मधुमेहाचा परिणाम झाला आहे त्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून डोके खाली घालू नये. चालण्यासाठी मी वृत्तपत्राची खुंटी धरली. अंक टाकणाऱ्या मुलास पैसे पूर्वीइतकेच देतो, पण अंक घरी टाकू नकोस, बसथांब्यावरच ठेव, असे त्यास बजावले आहे. बातम्या वाचल्यावाचून मला चैन पडत नाही आणि चालल्यावाचून बातम्या मिळत नाहीत. आठवड्यास दीडशे मिनिटे चालावे असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. माझी त्याहून अधिक होतात. जेवणानंतरच्या शतपावलीला तर आता शास्त्रज्ञांचाही पाठिंबा आहे. जेवून लगेच चालल्यास साखर कमी चढते.

आहाराचा तंटा याहून अवघड होता, कारण तो एकट्याचा नव्हे. भाजी-कोशिंबीर व वरण आधी खाऊन भात-पोळी मागून खाल्ल्यास साखर हळू चढते, असे प्रयोगांती दिसले आहे. आमचे जेवण आरंभ होते ते वरणभाताने! मी क्रम उलटा करावयास सांगितला तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, “चित्राहुती काय काकडीच्या घालणार?” दोन दिवस अबोला नव्हे, पण अल्पबोला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. चित्राहुतीपुरता चमचाभर भात आधी वाढावयाचा, त्यानंतर कोशिंबीर, भाजी आणि ज्वारीची भाकरी, आणि मूदभर भात शेवटी. धर्मही राहिला आणि साखरही राहिली. एकादशीचा साबुदाणा त्यांनी आपण होऊन बंद केला. ज्या कंदापासून तो होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, हे कळताच त्यांची त्यावरील श्रद्धा उडाली. आता भगर आणि दही असते. गोळ्या चालू असणाऱ्यांनी निरंकार उपास मात्र करूच नये.

नेमाची खरी परीक्षा प्रवासात. घरच्या खुंट्या घरी राहतात. जुन्या मंडळींनी येथेही विचार केलेला होता: स्वगृही आचार पूर्ण, परगावी अर्धा, मार्गात त्याहूनही थोडा. सूट आहे, पण शून्य नाही. आम्ही वर्षातून दोनदा पुण्यास मुलाकडे जातो. नांदेडहून रात्रीची गाडी. गाडी येईपर्यंत फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालणे हा मार्गातला आचार. सोबत ज्वारीच्या दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी आणि फुटाणे. दशमीला विटाळ नाही आणि ती नासत नाही, म्हणून ती प्रवासाची झाली. आता ती तेलकट वड्यापासूनही वाचविते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील पवनारचे विनोबा १९५१ पासून सुमारे तेरा वर्षे देशभर पायी फिरले. पोटाचे जुने दुखणे, आहार दूध-दह्याचा आणि मोजका. पण रोज नवे गाव असूनही चालण्याची व खाण्याची वेळ जुनीच. आपण दोन दिवसांच्या लग्नास गेलो की सर्व विस्कटते.

आणि विस्कटविणारा आग्रह करणारा असतो, आगगाडी नव्हे. नातेवाइकांकडे “डॉक्टरांनी मना केले आहे” असे म्हटले, की वाद सुरू होतो. “एका पुरणपोळीने काय होते?”, “आमच्या मामांना साठ वर्षे साखर होती, ते रोज जिलबी खात.” पण “माझा नेम आहे” असे म्हटले की वाढणारा हात आपोआप मागे जातो. डॉक्टरचे म्हणणे मोडण्यास आपली माणसे सदा सिद्ध, परंतु दुसऱ्याचा नेम मोडण्याचे पाप कोणी घेत नाही. मागील वैशाखात तीन पंगतींत हा शब्द मी वापरून पाहिला. तिन्ही वेळा लागू पडला.

गोळी अद्याप चालू आहे. तीन महिन्यांची सरासरी पूर्वी ७.४ होती, ती ६.५ वर आली. बंधूंना साष्टांग नमस्कार आता शक्य नाहीत. ते खुर्चीवर बसून हात वर-खाली करतात. सकाळी सहाला मी पुसदला दूरध्वनी लावून यंत्र सतरंजीच्या कडेला ठेवतो. तिकडून ते नावे म्हणतात, इकडून मी. परवा त्यांनी पूषन् गाळला आणि एकदम हिरण्यगर्भावर गेले. मी टोकताच म्हणाले, “मास्तर, थांब,” आणि पुनः मित्रापासून आरंभ केला.