श्वासाचे गोठणे

साहित्याच्या अभ्यासकाला ‘श्वास’ हा शब्द फार सैलपणे वापरण्याची सवय जडलेली असते. कवितेचा श्वास, परंपरेचा श्वास असे शब्दप्रयोग मीही आयुष्यभर करीत आलो. श्वास ही दाब आणि तापमान यांच्या अधीन असलेली भौतिक घटना आहे, याचे भान मला पासष्टीत आले, आणि ते मुलामुळे आले.

मुलगा दक्षिण जर्मनीत असतो. फेब्रुवारीत बोडेनसे सरोवरात तीस मीटर खोलीवर असताना त्याचा रेग्युलेटर गोठला. दोन महिन्यांनी तो घरी आला तेव्हा, जेवणे झाल्यावर, सहज आठवल्यासारखे त्याने हे सांगितले. मी घाबरून विचारले, ‘म्हणजे हवा बंद झाली?’ ‘नाही बाबा,’ तो म्हणाला, ‘बंद व्हायचीच थांबली.’

त्या मोसमात तेथील पाणी चार-पाच अंश सेल्सियस असते. ते गोठत नाही. मग बर्फ आले कोठून? पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा सुमारे दोनशे बार दाबाने कोंडलेली असते. रेग्युलेटरचा पहिला टप्पा हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबाहून आठ-दहा बार अधिक इतका खाली आणतो. तोंडाशी असलेला दुसरा टप्पा ती हवा श्वासाजोगी करतो. दाबलेली हवा प्रसरण पावताना गार होते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह सैल केला की बोटाला जी गार फुंकर लागते, तिच्यामागे हाच नियम असतो. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ चौपट असल्याने प्रत्येक श्वासाला हवाही चौपट लागते. धातू शून्याखाली गारठतो आणि त्याला बिलगलेले पाणी त्यावरच गोठते. त्या बर्फात स्प्रिंग अडकते, झडप मिटेनाशी होते. वाढलेला दाब दुसऱ्या टप्प्याची झडप लोटून देतो आणि हवा भसाभस वाहू लागते. कधी उच्छ्वासातले बाष्प दुसऱ्या टप्प्यात गोठूनही हेच घडते. पाणबुडे याला ‘फ्री-फ्लो’ म्हणतात. हवा जितकी अधिक वाहते, तितके गारठणे वाढते. सिलिंडर काही मिनिटांत रिता होतो.

सरोवराने जे बर्फ केले नव्हते, ते त्याच्या श्वासाने केले होते. भीतीने श्वास जलद होतो आणि जलद श्वासाने झडप अधिक गारठते. तेव्हा ‘शांत राहा’ हा उपदेश तेथे यंत्रविद्येचा नियम ठरतो. आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटली. ही झडप बिघडली तर सहसा उघडीच राहावी, अशी तिची रचना असते. कर्त्यांनी अभावापेक्षा अतिरेक पत्करला आहे. वाया जाणाऱ्या हवेतून निदान श्वास तरी घेता येतो.

त्याने तेच केले. मग स्वतंत्र तोटीवरचा दुसरा रेग्युलेटर तोंडात घेतला. सोबत्याने गोठलेल्या रेग्युलेटरची तोटी बंद केली. दोघे सावकाश वर आले. घाईने वर येणे फुप्फुसांना आणि रक्ताला घातक असते. आता पाण्यात शिरण्यापूर्वी, बाहेरच्या थंडीत, तो रेग्युलेटरमधून श्वास घेऊन पाहत नाही. सिलिंडरमध्ये कोरडी हवाच भरून घेतो. हे सारे मी एखादी संहिता लावावी तसे समजावून घेत होतो. भीतीला आवर घालण्याचा माझ्यासारख्या माणसाचा हा जुना मार्ग आहे.

ही इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने एकच विचारले, ‘तो सोबतचा मुलगा तुझ्यापासून किती लांब होता रे?’

‘हाताच्या अंतरावर, आई.’

ती आत गेली. माझ्या इतक्या प्रश्नांत हा प्रश्न नव्हता.