विस्तव राखणाऱ्या बायका

शिकागो शहर मागे टाकून, मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला वळसा घालून मोटार पूर्वेकडे निघाली, की तास-दीड तासात देखावा साफ पालटतो. आकाशाला भिडलेल्या इमारती आणि पोलादाचे कारखाने मागे पडतात आणि द्राक्षांचे मळे, सफरचंदांच्या बागा, मक्याची शेते लागतात. सरोवर म्हणायचे एवढेच. पलीकडचा काठ दृष्टीस पडत नाही, आणि लाटा तर जुहूच्या किनाऱ्यावर शोभाव्यात अशा! ‘मिशिगन’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘मोठे पाणी’ असा आहे. ‘शिकागो’ हे नाव तिथे पूर्वी माजणाऱ्या रानलसणीवरून पडले. या मुलखात जिकडे पाहावे तिकडे नावे मूळच्या रहिवाशांची, आणि घरे मात्र दुसऱ्यांची.

त्या मूळच्या रहिवाशांपैकी पोटावाटोमी लोकांकडे मी निघाले होते. सप्टेंबरचा पहिला सोमवार हा अमेरिकेत कामगारांच्या सुटीचा दिवस. त्याला लागून येणाऱ्या शनिवार-रविवारी मिशिगन राज्यातल्या डोवॅजियाक गावाजवळ, एका तळ्याकाठी, या लोकांच्या पोकॅगॉन शाखेचा मेळा भरतो. मेळ्याचे नावही मोठे गोड आहे. ‘रानातली फळे वेचून झाली’ अशा अर्थाचे! आपल्याकडे सुगी संपली की जत्रा भरते, त्यातलाच प्रकार. माझ्या मुलीने बेत आखला आणि जावयांनी मोटार काढली. मला नाच-गाणी पाहायची होतीच. पण खरी ओढ होती ती तिथल्या टोपल्या विणणाऱ्या बायकांची.

ओजिब्वे, ओडावा आणि पोटावाटोमी हे तीन भाऊ, असे ही मंडळी मानतात. पोटावाटोमी हा धाकटा, आणि तिघांच्या पंचायतीचा अग्नी राखण्याचे काम त्याच्याकडे. त्यांच्या नावाचा अर्थच ‘विस्तव राखणारे’ असा सांगतात. हे ऐकले आणि मला माझी आजी आठवली. रात्री भांडी आवरली की ती चुलीतला एक निखारा राखेखाली झाकून ठेवी. सकाळी नुसती फुंकर घातली की चूल पेटायची. काडेपेटी घरात होती. पण विस्तव विझू देणे हे तिला अशुभ वाटे.

मेळ्यात शिरलो तेव्हा ढोलांचा आवाज घुमत होता. त्या आवाजात मधूनच दुसराही एक ठोका ऐकू येई, कोरडा आणि नेमका. त्याच्या मागाने गेलो, तो एका झाडाच्या सावलीत एक सोललेला ओंडका आडवा घातलेला आणि एक तरुण त्यावर कुऱ्हाडीच्या पाठीने घाव घालत चाललेला. ओंडका फोडायचा असावा असे वाटले. पण तो फुटेना. तरुण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे इंच इंच सरकत होता. मग त्याने नखाने एक कड उचलली आणि हाताने ओढली. ओंडक्याच्या अंगावरून फळीसारखी लांब पट्टी अलगद सुटून आली! एखाद्या पोथीचे पान उलटावे तशी.

हे झाड म्हणजे काळा अ‍ॅश. पाणथळ जागेत, दलदलीच्या कडेला वाढणारे. झाडाच्या खोडात दर वर्षाला एक वर्तुळ वाढते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. या झाडाची गंमत अशी, की वसंतात वाढलेला भाग सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, तर उन्हाळ्यात वाढलेला भाग घट्ट आणि चिवट. ठोकून ठोकून तो ठिसूळ थर चिरडला की वर्षावर्षाचे पदर आपोआप वेगळे होतात. आपला बुरूड बांबूच्या कामट्या सुरीने काढतो. इथे त्या झाडच मोजून देते, एका वर्षाला एक. पाऊसपाणी चांगले झाले त्या वर्षाची पट्टी जाड, ओढगस्तीच्या वर्षाची पातळ. टोपली हातात घ्यावी, तर झाडाच्या आयुष्यातली कितीतरी वर्षे एकमेकींत गुंतलेली!

शेजारच्या मांडवात साठीच्या पुढची एक बाई विणायला बसली होती. पायाशी पाण्याची बादली, तिच्यात पट्ट्या भिजत घातलेल्या. मांडीवर चामड्याचा तुकडा, त्यावर पट्टी ठेवून सुरीने तासायची. जाड पट्टी मधोमध चिरून दोन्ही हातांनी उकलली की आतला पृष्ठभाग साटिनसारखा तुकतुकीत निघतो. काही टोपल्यांच्या काठाला एका सुगंधी गवताची वेणी गुंफलेली होती. वाळ्याचे पडदे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना गवताला वास असतो हे सांगायला नको. हा वास मात्र व्हॅनिलाच्या वळणाचा.

एका टोपलीची किंमत विचारली. ती ऐकून जावयांनी एकदम ढोलांकडे लक्ष वळवले. बाईंना हे नवे नसावे. त्या हसल्या आणि त्यांनी बोटांवर कामे मोजून दाखवली. दलदलीत हिंडून सरळ, बिनगाठीचे झाड शोधायचे, तोडायचे, वाहून आणायचे, साल काढायची, ठोकायचे, उकलायचे, तासायचे, सारख्या रुंदीने कापायचे. मग विणायचे. मला वाटले, विणणे म्हणजे पंगतीला बसणे; स्वयंपाक सगळा आधीच झालेला असतो. झाड तोडणे आणि ठोकणे बहुधा पुरुषांकडे असते, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. मात्र हा विस्तव धगधगता ठेवला तो मुख्यतः बायकांनी.

ते किती कठीण होते, हे कळायला थोडा इतिहास सांगायला हवा. सन 1830 मध्ये अमेरिकन सरकारने कायदा केला, की पूर्वेकडच्या आदिवासींना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलवावे. 1833 मध्ये शिकागो येथे तह झाला आणि पोटावाटोमींची उरलीसुरली जमीन गेली. सप्टेंबर 1838 मध्ये इंडियाना राज्यातून साडेआठशेच्या आसपास माणसांना सैनिकांच्या पहाऱ्यात कॅन्ससकडे चालवत नेले. सुमारे 660 मैलांची वाट, दोन महिन्यांचा प्रवास. वाटेत चाळीसहून अधिक माणसे दगावली, त्यांत बहुतेक लहान मुले. ‘मृत्यूची वाट’ याच नावाने ती आजही ओळखली जाते. लिओपोल्ड पोकॅगॉन या पुढाऱ्याने मात्र तहाच्या वेळीच आपल्या लोकांसाठी राहण्याची सवलत मिळवली होती. डोवॅजियाकच्या परिसरात जमीन विकत घेऊन तो आपल्या लोकांसह तिथेच राहिला. स्वतःच्याच देशात जमीन विकत घेऊन राहायचे!

पुढे 1893 साल उजाडले. शिकागोचे हे वर्ष आपल्याला विवेकानंदांमुळे पाठ आहे. त्याच वर्षी त्याच शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनात लिओपोल्डचा मुलगा सायमन पोकॅगॉन याची एक लहानशी पुस्तिका विकली जात होती. बर्चच्या सालीवर, म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्याच जातीच्या सालीवर, छापलेली. कोलंबसाच्या आगमनाचा सोहळा आम्ही कसा साजरा करावा, असा त्यातला सवाल होता. आणि त्याच 1893 मध्ये मिशिगनमधल्या माउंट प्लेझंट येथे आदिवासी मुलांची सरकारी निवासी शाळा उघडली. मुलांना आईबापांपासून दूर ठेवून त्यांची भाषा आणि चालीरीती पुसून टाकाव्यात, हा अशा शाळांचा हेतूच होता. ती 1934 पर्यंत चालली. आईच्या शेजारी बसून शिकण्याच्या वयात मूल घरीच नसेल, तर टोपली कोणाला शिकवायची?

तरीही विणकाम टिकले, कारण त्यावर पोट होते. बायका टोपल्या घेऊन शेतकऱ्यांकडे आणि उन्हाळ्यात सरोवरावर येणाऱ्या पाहुण्यांकडे जात आणि पैसे किंवा वाणसामान घेऊन येत. पुढे पुठ्ठ्याची खोकी आणि प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या, तरुण मंडळी कारखान्यांत गेली, आणि विणणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पोकॅगॉन शाखेतल्या काही बायका एकत्र आल्या, टोपल्यांची सहकारी संस्था काढली आणि ज्यांना येत होते त्या इतरांना शिकवू लागल्या. सरकारदरबारी स्वतंत्र जमात म्हणून मान्यता पुन्हा मिळायला मात्र 21 सप्टेंबर 1994 हा दिवस उजाडावा लागला. टोपल्यांचे पुनरुज्जीवन कागदाच्या शिक्क्यासाठी थांबले नव्हते.

गोष्ट इथेच संपती, तर दिवाळीच्या अंकाला शोभेल असा गोड शेवट झाला असता. पण 2002 मध्ये डेट्रॉइट शहराजवळ एक किडा सापडला. जेमतेम अर्धा इंच लांब, पाचूसारखा हिरवागार, दिसायला दागिनाच! मूळ पूर्व आशियातला. मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा असे मानतात. त्याची मादी अ‍ॅशच्या सालीच्या फटींत अंडी घालते. अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरत जातात आणि झाडाचा रस वाहायच्या वाटाच तुटतात. काही वर्षांत झाड उभ्याउभ्या वाळते. उत्तर अमेरिकेत अ‍ॅशची कोट्यवधी झाडे अशी गेली. 2017 मध्ये काळ्या अ‍ॅशचे नाव अतिसंकटग्रस्त वृक्षांच्या जागतिक यादीत दाखल झाले. सैन्याने जे साधले नाही, शाळेने जे साधले नाही, ते या पाचूच्या किड्याने साधावे, अशी वेळ आली.

माणसांनी झाडे तोडणे थांबवावे म्हणजे झाड वाचेल, असे आपल्याला वाटेल. मलाही मनात तेच आले होते. पण रॉबिन वॉल किमरर या पोटावाटोमी वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी 2013 च्या आपल्या पुस्तकात एका विद्यार्थ्याच्या अभ्यासाची हकीकत दिली आहे. त्यांना दिसले ते असे, की पुष्कळ रानांत काळ्या अ‍ॅशची कोवळी रोपे असतात, जुनी झाडे असतात, पण मधल्या वयाची झाडे नसतात. दाट सावलीत रोपे वाढत नाहीत. मधल्या वयाची झाडे कुठे भेटतात? टोपल्या विणणाऱ्यांच्या वस्त्यांजवळ! कारण ते अधूनमधून एखादेच झाड तोडतात, रानाच्या छपराला खिडकी पडते, ऊन खाली उतरते आणि रोपाला वाढायला जागा मिळते. विणणारे नसतील तर झाडही खंगते. माहेर आणि लेक यांच्यासारखे हे नाते.

तेव्हा आता करायचे काय? मांडवातल्या बाईंकडे रडगाणे नव्हते. कामांची यादी होती. जी झाडे अजून उभी आहेत ती पाहून ठेवायची. तोडलेले ओंडके कित्येक आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचे. म्हणजे आतला किडा मरतो आणि पट्ट्या बिघडत नाहीत. ओंडके पाण्यात ठेवण्याची रीत जुनीच, तिला शास्त्रज्ञांनीही दुजोरा दिला आहे. बी गोळा करून साठवायचे. हे बी मोठे धीराचे असते. दोन दोन हिवाळे मातीत पडून राहते आणि मग कुठे रुजते. आणि मुख्य म्हणजे, हाती आहे तोवर मुलांना शिकवायचे.

केली चर्च या मिशिगनमधल्या नामवंत विणकर बाई गन लेक शाखेच्या पोटावाटोमी आहेत. 2018 मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीचा वारसा-सन्मान मिळाला. त्याच वर्षी त्यांनी अंड्याच्या आकाराची एक हिरवी टोपली घडवली. हिरवी, कारण त्या किड्याचा रंग हिरवा. तिच्या आत काय ठेवले? बोटाएवढा एक संगणकी साठवणीचा तुकडा, आणि त्यात काळ्या अ‍ॅशच्या टोपलीचे सगळे ज्ञान. झाडे नसलेल्या काळात कोणी नातवंड ही टोपली उघडील, म्हणून. त्यांची मुलगी चेरिश पॅरिश हिने त्याच सुमारास गर्भवती स्त्रीच्या देहाच्या आकाराची टोपली विणली आहे. आईने ज्ञान अंड्यात ठेवले, लेकीने उदरात.

मांडवात त्या बाईंच्या शेजारी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बसली होती, त्यांची नात. तिच्या हातात टोपलीचा तळ तेवढा तयार झाला होता आणि उभ्या पट्ट्या चांदणीच्या टोकांसारख्या चहूकडे पसरल्या होत्या. माझ्या मुलीने जरा भीत भीत विचारले, की झाडेच उरली नाहीत तर हिच्या शिकण्याचा उपयोग काय? बाई म्हणाल्या, “आज लावलेले बी टोपलीजोगे व्हायला ही आजी व्हावी लागेल. तेव्हा कोणाला तरी हे येत असायला हवं ना!”

नातीचे आमच्याकडे लक्ष नव्हते. एक पट्टी वाळून कडक झाली होती आणि वळताना चरचरत होती. तिने ती काढली, बादलीतल्या पाण्यात बुडवली, पाचपर्यंत मोजले आणि पुन्हा विणायला घेतली. आजीने तिच्या हाताकडे पाहिले, पण हात लावला नाही.