बुजवलेली भोकं

मानोऱ्यात जुनं घर पाडून नवं बांधलं, तेव्हा अम्मीच्या खोलीला हौसेने ॲल्युमिनियमची सरकती खिडकी लावली. पहिल्याच पावसात थोडं पाणी आत आलं. खाली ट्रॅकमध्ये दोन बारीक भोकं दिसली. पाणी इथूनच शिरतं, असं समजून मी ती सिलिकॉनने बुजवली. पुढच्या पावसात ट्रॅक तुडुंब भरला आणि अम्मीची गादी भिजली. ती काही बोलली नाही. खाट तेवढी बाहेरच्या खोलीत हलवली.

कारागीर म्हणाला, "भाऊ, ती भोकं पाणी बाहेर जायलाच असतात." मातीने ती आधीच तुंबली होती, मी पुरती बंद केली होती.

मग ब्लेडने सिलिकॉन खरवडलं, जुन्या ब्रशने ट्रॅकमधली माती काढली, भोकांत तार फिरवली. पेलाभर पाणी ओतलं. ते भिंतीबाहेर पडलं. काचेभोवतीचं कडक झालेलं रबरही बदललं. दुहेरी काचेच्या खिडकीत मात्र दोन काचांमध्ये वाफ धरली, तर पुसून भागत नाही. काचांचा जोडच बदलावा लागतो. आमचं काम तारेवर निभावलं.

आता दरवर्षी मृगाआधी मी तार घेऊन बसतो. त्या रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी अम्मीने ट्रॅकवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बेटा, माझी खाट आत घे."