अब्बांचं नाक आणि गाडीची चाकं

टायर बदलायला गेलो आणि चाकांच्या भानगडीत अडकलो. आमची स्विफ्ट २०१२ सालची, सेकंडहँड घेतलेली. तिची अ‍ॅलॉय व्हील्स कधीकाळी चकचकीत असतील. आता वरचा पारदर्शक थर पापुद्र्यासारखा सुटला होता आणि त्याखाली अ‍ॅल्युमिनियमवर गांडूळ फिरल्यासारख्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. कोल्हापूरचा पाऊस, ब्रेकची काळी धूळ आणि गाडी फुटपाथला घासून लावायची माझी सवय, तिघांनी मिळून केलेलं हे काम. टायरवाला म्हणाला, "टायर उतरलेच आहेत, तर चाकं पण करून घ्या की. परत परत कोण उतरवतंय?"

म्हणणं बरोबर होतं. पण 'करून घ्या' म्हणजे नक्की काय, यावर घरात चार दिवस चर्चासत्र चाललं.

भाच्याला हायड्रो डिपिंग हवं होतं. पाण्यावर नक्षीची पातळ फिल्म सोडायची, वरून रसायन फवारून ती विरघळवायची आणि चाक हळूच पाण्यात बुडवायचं. नक्षी चाकाला चिकटून वर येते. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. अब्बा म्हणाले, "हा तर वॉलपेपर आहे." विषय संपला. मग कुणीतरी स्प्रे क्रोम सुचवलं. त्यात खरं म्हणजे क्रोम नसतंच, चांदी असते. आरसा करतात तशी, सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण आणि दुसरं एक द्रावण एकाच वेळी फवारून चांदीचा थर बसवायचा. दिसतं झकास. पण तो थर इतका नाजूक की सगळी भिस्त वरच्या क्लिअर कोटवर. तिथं एक खडा लागला, पाणी आत गेलं, की चांदी काळी पडणार. हुपरी शेजारी असलेल्या माणसाला चांदी काळी पडते हे कुणी शिकवायला नको.

मला क्रोम हवं होतं. खरंखुरं, हौदातलं. ते अब्बांसाठी.

अब्बांनी उद्यमनगरातल्या एका प्लेटिंगच्या दुकानात बावीस वर्षं काढली. आजोबा कल्हईवाले, गल्लोगल्ली भाता घेऊन फिरणारे. तांब्या-पितळेची भांडी गेली, स्टील आलं, कल्हई सुटली, आणि अब्बा निकेल-क्रोमच्या हौदावर जाऊन उभे राहिले. अ‍ॅम्बेसेडरचे बंपर, बुलेटचे सायलेन्सर, सायकलींची हँडलं. लहानपणी त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालताना मध्येच थांबून ते बोट दाखवायचे, "ते बघ, ते आमचं." मला वाटायचं, शहरातल्या अर्ध्या गाड्या आमच्याच आहेत.

तेव्हाची अजून एक गोष्ट आठवते. कामावर निघताना अब्बा व्हॅसलिनची डबी उघडून बोटानं नाकात आतून व्हॅसलिन लावायचे. रोज. आम्हा भावंडांना त्याचं फार हसू यायचं. रात्री त्यांच्या नाकातून बारीक शीळ वाजायची, त्याचंही. ईदच्या दिवशी ते इतकं अत्तर लावायचे की अम्मी म्हणायची, "अहो, बास." मग ते माझ्यापुढं मनगट धरून विचारायचे, "येतोय का वास?" मला तो लाड वाटायचा.

मागच्या वर्षी नाकातून रक्त येऊ लागलं म्हणून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आत उजेड टाकून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काम काय करायचात?"

"क्रोम."

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक होतं. मी हादरलो. अब्बा नाही. घरी येताना म्हणाले, "माहीत होतं मला. हौदावरच्या बऱ्याच जणांना होतं."

चाकांच्या निमित्तानं मी पहिल्यांदाच नीट समजून घेतलं की हे होतं कसं. शोभेच्या प्लेटिंगमध्ये क्रोमचा थर असतो अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस याच्या शंभरपट जाड. चकाकी आणि टिकाऊपणा यांचं खरं काम खालच्या निकेलचं. क्रोम त्याला काळं पडू देत नाही आणि वर ती निळसर झाक देतं. पण हा इवलासा थर बसवायला जी वीज सोडतात, तिचा मोठा भाग क्रोम बसवण्यात जातच नाही, पाणी फोडण्यात जातो. त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, हौदावर येऊन फुटतात, आणि प्रत्येक बुडबुडा क्रोमिक अ‍ॅसिडचे बारीक तुषार हवेत उडवतो. तेच धुकं हौदावर वाकलेल्या माणसाच्या नाकात जातं. व्हॅसलिन होतं ते त्यासाठी. हातावर गोल खड्डे पडतात, दुखत नाहीत म्हणून कुणी दाखवायला जात नाही. या क्रोमला षट्संयुजी क्रोमियम म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. आता शोभेच्या कामासाठी त्रिसंयुजी क्रोमही आलंय. ते पुष्कळ कमी घातक आहे, पण रंगात थोडा फरक पडतो. मी ज्यांना विचारलं ते दोघेही म्हणाले, "आमच्याकडं जुनंच आहे. गिऱ्हाइकाला ती निळी झाकच लागते."

ते गिऱ्हाईक म्हणजे मीच की.

मी अब्बांना सांगितलं, क्रोम नको, पावडर कोटिंग करू. कारणही सांगितलं. वाटलं होतं, बरं वाटेल त्यांना. ते उखडले.

"क्रोमला नावं ठेवू नकोस. बंपर कुणाला चावत नाही. दोष हौदावरच्या वाफेत आहे, आणि ती ओढून घेणारा पंखा मालकानं बसवला नाही, त्यात आहे. त्या हौदावर तू शिकलास."

मी काय बोलणार? दोन दिवस ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "तसंही जुन्या अ‍ॅलॉयवर क्रोम करू नये. खड्डे घालवायला बफिंगमध्ये माल काढावा लागतो. त्यातून कुठं बारीक छिद्र राहिलं, तर खालून गंजून पत्रा सुटावा तसं सुटतं. पावडरच कर." यात कारागीर किती बोलला आणि बाप किती, मला अजून कळलेलं नाही.

शिरोलीच्या बाजूला एका पावडर कोटिंगवाल्याकडे गेलो. अब्बा बरोबर. जुना रंग काढून, आतून-बाहेरून मारा करून चाकं खरखरीत केली होती. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या छिद्रांत हवा अडकलेली असते, म्हणून आधी एकदा नुसतंच भट्टीत तापवायचं, नाहीतर कोटिंगला फोड येतात. मग चाकाला अर्थिंग द्यायचं आणि बंदुकीतून विजेचा भार दिलेली कोरडी पावडर फवारायची. ती पिठासारखी जाऊन चिकटते. नंतर १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वीसेक मिनिटं. पावडर वितळून एकसंध होते, साठ-ऐंशी मायक्रॉनचा चिवट थर. अब्बांनी मालकाला दोनच प्रश्न विचारले. भट्टी २०० च्या वर जाते का? कारण चाकाची ताकदही उष्णतेनंच आणलेली असते, फार तापवलं तर ती उतरते. आणि नट बसतात त्या जागा झाकता का? तिथं जाड थर बसला तर तो नंतर दबतो आणि आवळलेले नट सैल होतात. मालकाचा सूर बदलला. "चाचा, लाइनमधलेच दिसताय."

तेवढ्यात अब्बांचं लक्ष बूथकडं गेलं. पावडर मारणारा पोरगा विशीचा असेल. भुवया, पापण्या, सगळं राखाडी. तोंडाला काही नाही.

"मास्क कुठाय याचा?"

"चाचा, हे विषारी नसतंय. नुसती पावडर आहे."

"आमचा मालकबी हेच म्हणायचा," अब्बा म्हणाले.

मला मान वर करवेना. क्रोमच्या हौदावरचं नाक वाचवलं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून इथं आलो होतो. धूळ ती धूळच, आणि काही पावडरींतल्या रसायनानं कामगारांना दमा होतो, हेही मी वाचलं होतं. पण ते मला सोयीचं नव्हतं, म्हणून बाजूला पडलं होतं. मालकानं कपाटातून मास्कचा खोका काढला. खोका होता, म्हणजे फोडलेलाही नव्हता. पोरानं हसत मास्क लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाकं आणायला गेलो. गडद राखाडी, वरून क्लिअर. अब्बांनी प्रत्येक चाक उलटं करून नटाच्या जागेवर अंगठा फिरवला. तिथं धातू उघडा, स्वच्छ होता. "काम नीट आहे," म्हणाले. मग बूथकडं पाहिलं. पोराचा मास्क हनुवटीवर. अब्बांनी नुसतं स्वतःच्या नाकाकडं बोट केलं. पोरानं घाईनं वर ओढला. आमची पाठ वळल्यावर काय झालं असेल, ते मी सांगायला नको.

चाकं डिकीत टाकून निघालो. मी सहज विचारलं, "अब्बा, क्रोम केलं असतं तर कशी दिसली असती?"

कावळा नाक्यापासून घर येईपर्यंत अब्बा तेच सांगत होते. आधी तांबं किती चढवायचं, निकेलच्या हौदातून बाहेर काढल्यावर पाण्याचा थेंब कसा न थांबता ओघळला पाहिजे, आणि क्रोममधून वर येताना पहिल्यांदा आपलंच तोंड त्यात कसं दिसतं.