गच्चीवर वाढवलेला ब्रुनो

अंगावर धावून जाईल तोच कुत्रा राखणीचा, असं मी वर्षानुवर्षं मानत आले. आमचा जर्मन शेफर्ड ब्रुनो पिल्लू होता तेव्हापासून सिडको वसाहतीतल्या घराच्या गच्चीवरच राहिला. मोठा झाल्यावरही खाली आणायचं ते शी-शूपुरतं, तेही रस्ता रिकामा बघून. गॅसवाला फाटकाबाहेरूनच हाक मारायचा आणि मला ब्रुनोचा अभिमान वाटायचा. कॅनॉटच्या बाजारपेठेत कुत्री फिरवणाऱ्यांना मी नुसते हौशी समजत असे. रस्त्यावरच्या गावठी कुत्र्यांबद्दल माझं मत याहून वाईट होतं. सगळी उचलून शहराबाहेर सोडा, असं मी चारचौघांत बोललेही आहे.

हे मत हललं ते चंपाषष्ठीला, आमच्या शहराच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सातारा परिसरातल्या खंडोबाच्या यात्रेत. दर्शनाची रांग, भंडाऱ्याची उधळण, येळकोटाचा गजर, ढोल, मधूनच दुचाकींचे हॉर्न. आणि नारळ-भंडाऱ्याच्या एका दुकानापाशी, ऐन लोकांच्या पायांत, एक तपकिरी कुत्री झोपलेली. पाठ पिवळी झालेली. कानाच्या टोकाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. एक लहान मुलगा तिला ओलांडताना अडखळला आणि त्याचा पाय तिच्या शेपटीवर पडला. माझ्या पोटात गोळा आला. तिथं ब्रुनो असता तर पुढे काय झालं असतं, हे मला नेमकं ठाऊक होतं. ती उठली, दोन पावलं सरकली, अंग झाडलं तशी हळद उडाली, आणि ती पुन्हा आडवी झाली. ढोल वाजतच होता.

मी रांग सोडून तिच्याकडे बघत राहिले. घरी कुकरची शिट्टी झाली की ब्रुनो पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसतो. फाटकाशी कुणी आलं की गच्चीवरून त्याचं जे चालायचं त्याला मी शौर्य म्हणत होते. तो घाबरत होता, दुसरं काही नाही. ती भीती मी त्याला दिली होती, आणि वर लोकांना कौतुकानं दाखवत होते.

पुढे याबद्दल वाचत गेले. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी पिल्लांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, ते त्याला आपलं वाटतं. त्यानंतर नव्याची धास्ती वाढत जाते. यात्रेतल्या त्या कुत्रीचे ते आठवडे एखाद्या हातगाडीखाली गेले असतील. ब्रुनोचे गच्चीवर गेले. लसी पुऱ्या होईपर्यंत पार्व्होच्या संसर्गाच्या भीतीनं मी त्याला खाली उतरवलं नाही. ती भीती खोटी नाही. पण पिल्लू जमिनीवर न टेकवता कडेवर घेऊन चौकात उभं राहता येतं, हे मला सुचलंच नाही. लसी पुऱ्या व्हायची वाट न बघता सुरुवात करा, असं अमेरिकेतल्याच पशुवर्तनतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्येच सांगून ठेवलं होतं.

नसबंदी करून, लस देऊन कुत्रं पुन्हा त्याच जागी सोडावं, हा केंद्राचा २०२३ चा नियम मला मूर्खपणाचा वाटायचा. आता तसा वाटत नाही. यात्रेतली ती कुत्री त्या गर्दीला ओळखत होती. रात्री टोळीनं दुचाकीमागे लागणारी कुत्रीही असतात, हे मी नाकारत नाही. पण सगळी उचला, असं आता माझ्या तोंडून निघत नाही.

ब्रुनोचे ते आठवडे परत येणार नाहीत. पहाटे, दुकानं उघडण्याआधी, आम्ही कॅनॉटच्या कडेला उभे असतो. बेल्ट आखूड, तोंडाला जाळी. लांबून रिक्षा दिसली की तो भुंकायच्या आत जाळीतून उकडलेल्या चिकनचा तुकडा. अंग ताठ झालं, कान मागे गेले, की मीच त्याला घेऊन मागे सरते. कुत्रा चारचौघांत नेणं म्हणजे सगळ्यांनी त्याला गोंजारणं, अशी माझी समजूत होती. त्याला शिकायचंय ते लोकांकडे लक्षच न देणं. एखादे आजोबा थबकले तर रस्ता मी बदलते. कुत्र्याची भीती वाटणाऱ्यांचाही तो रस्ता आहे.

मागच्या गल्लीत नुकतंच लॅब्रॅडॉरचं पिल्लू आलंय. मी न बोलावता त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं, याला रोज कडेवर घेऊन गुलमंडीच्या गर्दीत उभे राहा. हॉर्न वाजू द्या, वरातीचा बँड वाजू द्या, आणि तो वाजत असतानाच याला खाऊ घाला.