आधी कुठला पाय?

आमच्या काळी बास्केटबॉलपटूचा व्यवसाय म्हणजे एखाद्या सरकारी खात्याच्या संघातली नोकरी. सकाळी हजेरीपुस्तकात सही, दुपारपर्यंत फायली आणि तिसऱ्या प्रहरी मैदान. गुडघ्याने असहकार पुकारला तेव्हा कागदोपत्री मी निवृत्त झालो नाही, मैदानावरून दफ्तरात माझी कायमची बदली झाली, एवढेच. पुढे दिंडोशीस आमच्या वसाहतीलगतच्या सिमेंटच्या मैदानावर मुलांना शिकविण्याचे काम अंगावर घेतले, ते मात्र कोणाच्या हुकुमाने नव्हे.

पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारले, “सर, ले-अपला आधी कुठला पाय?” ज्या क्रियेवर माझी भाकरी इतकी वर्षे चालली, तिच्याविषयीच्या या साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. “बघ,” म्हणून मी चेंडू घेऊन धावलो, बास्केट केली. मुलांनी टाळ्या वाजविल्या आणि प्रश्न जागच्या जागी राहिला. त्या रात्री गच्चीवर, समोर राष्ट्रीय उद्यानाचा काळोख पसरलेला असता, चेंडूवाचून तीच पावले मी पुनःपुन्हा टाकून पाहिली, तेव्हा कुठे उलगडा झाला: चेंडू हाती येताना उजवा, मग डावा, डाव्यावरून उडी आणि उजवा गुडघा वर. शरीर हे असे मुखस्तंभ पंडित असते. विद्या सगळी, वाचा नाही.

मी स्वतः शिकलो तो पाहून. ज्या नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२७ साली नेबरहूड हाउस उभारले, आणि जेथला अब्बास मुंतसिर भारताचा कर्णधार होऊन १९७० च्या अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला, त्या नागपाड्यातली पोरे खेळताना पाहण्यासाठी मी गोरेगावहून मुंबई सेंट्रलपर्यंत लोकलने जात असे. तेथे समजावून कोणी काही सांगितले नाही. मीही विचारले नाही. खुद्द या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ यांची कॅन्सस विद्यापीठातील प्रशिक्षक म्हणून कारकीर्द ५५ विजय आणि ६० पराभव अशी आहे, हे वाचून माझ्या जिवाला जो गारवा लाभला, तो कबूल केलेला बरा.

अधिक कठीण ठरला टाइम-आउट. आम्ही वीस-वीस मिनिटांचे दोन डाव खेळलो, बास्केटकडे चेंडू टाकण्यास तीस सेकंदांची मुदत होती. २००० साली दहा मिनिटांचे चार डाव आणि चोवीस सेकंद असा कायदा आला, आणि माझ्या अंगात मुरलेली लय एका फटक्यात कालबाह्य झाली. टाइम-आउट तेवढा एका मिनिटाचाच. त्या मिनिटात मी प्रारंभी सहा-सहा सूचना ओतत असे. मुले माना डोलवीत, पाण्याची बाटली फिरवीत, आणि परत जाऊन तीच चूक अधिक उत्साहाने करीत. हल्ली मी एकच गोष्ट सांगतो, आणि तीही पहिल्या अर्ध्या मिनिटात त्यांना धाप टाकू देऊन.

गेल्या पावसाळ्यापूर्वी, मैदानावर शेवाळ धरण्याआधीच्या शेवटच्या सामन्यात, त्याच मुलीने बरोबर उलट्या पायावर उडी घेतली. आडवी आलेली प्रतिस्पर्धी एक क्षण आधीच हवेत गेली आणि चेंडू रिंगेतून खाली आला. ओरडण्यासाठी उघडलेले तोंड मी तसेच मिटले.

दुसऱ्या दिवशी तिला विचारले, “काल कुठला पाय होता ग?”

तिने खाली आपल्या बुटांकडे पाहिले. “सर, लक्षात नाही.”